आंतरजालावरील थेट प्रक्षेपण आणि विराट प्रेक्षकसंख्या : तांत्रिक आव्हानांचा एक अभ्यास

सारांश : एखादी घटना घडत असतानाच ती आंतरजालावरून कोट्यवधी प्रेक्षकांपर्यंत पोहोचविणे ही आजच्या संगणकशास्त्रातील व दूरसंचारातील अत्यंत कठीण कामगिरी मानली जाते. मुंबईच्या वानखेडे मैदानावरील १५ नोव्हेंबर २०२३ चा विश्वचषक उपांत्य सामना, २३ ऑगस्ट २०२३ रोजीचे चांद्रयान-३ चे अवतरण आणि सर्वोच्च न्यायालयातील सुनावण्यांचे प्रक्षेपण या उदाहरणांच्या आधारे प्रस्तुत लेखात या कामगिरीतील प्रमुख तांत्रिक आव्हानांचे विवेचन केले आहे. प्रेक्षकसंख्येचा विक्रम व ग्रामीण विद्यार्थ्याला प्रत्यक्ष दिसणारे चित्र या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे स्पष्ट करून मराठवाड्यातील महाविद्यालयांसाठी काही व्यवहार्य शिफारशी शेवटी दिल्या आहेत.

बीजसंज्ञा : थेट प्रक्षेपण, बँडविड्थ, सीडीएन, समकालिक प्रेक्षक, विलंब, अंतिम टप्पा.

१. प्रस्तावना

दिनांक १५ नोव्हेंबर २०२३ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारत आणि न्यूझीलंड यांच्यात एकदिवसीय विश्वचषक स्पर्धेचा उपांत्य सामना झाला. विराट कोहली यांनी याच सामन्यात पन्नासावे एकदिवसीय शतक पूर्ण करून सचिन तेंडुलकर यांचा एकोणपन्नास शतकांचा विक्रम मागे टाकला, तर मोहम्मद शमी यांनी सात गडी बाद केले. मैदानात सुमारे ३३ हजार प्रेक्षक बसू शकतात. त्याच वेळी डिस्ने प्लस हॉटस्टार या सेवेवर एका क्षणी ५.३ कोटी प्रेक्षक हा सामना पाहत होते. म्हणजे सोळाशेहून अधिक वानखेडे मैदाने भरतील एवढा जनसमुदाय मोबाईलच्या पडद्यासमोर एकवटला होता. पुढे १९ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात हीच संख्या ५.९ कोटींवर गेली.

ही वाढ अल्पकाळात झालेली आहे. याच वानखेडेवर २७ मे २०१८ रोजी झालेल्या आयपीएलच्या अंतिम सामन्याला याच सेवेवर एका वेळी सुमारे १.०३ कोटी प्रेक्षक लाभले होते आणि तो त्या काळातील विक्रम होता. २०१९ च्या आयपीएल अंतिम सामन्यात ही संख्या १.८६ कोटी, त्याच वर्षी जुलैमध्ये मँचेस्टर येथील विश्वचषक उपांत्य सामन्यात २.५३ कोटी आणि २०२३ च्या आयपीएल अंतिम सामन्यात जिओसिनेमा या सेवेवर ३.२ कोटी अशी ती वाढत गेली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झालेली जिओची फोर-जी सेवा, त्यामुळे स्वस्त झालेला डेटा आणि २०२३ मध्ये मोबाईलवर विनामूल्य उपलब्ध झालेले क्रिकेट ही या वाढीमागील ठळक कारणे होत. या दोन्ही सेवा फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार या एकाच सेवेत विलीन झाल्या.

आकडे डोळे दिपविणारे असले तरी अभ्यासकांपुढील प्रश्न निराळा आहे. एवढ्या लोकांना एकाच वेळी एकच चित्र दाखविणे एवढे अवघड का ठरते? आणि जे तंत्र पाच कोटींना चित्र पोहोचविते, तेच एखाद्या गावातील विद्यार्थ्याच्या मोबाईलवर फिरते चक्र का दाखविते? या प्रश्नांची उकल करण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

२. उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण व आंतरजालावरील प्रक्षेपण यांतील मूलभूत भेद स्पष्ट करणे.
२) विराट प्रेक्षकसंख्येमुळे निर्माण होणाऱ्या तांत्रिक आव्हानांचे स्वरूप समजून घेणे.
३) उच्च शिक्षणसंस्थांच्या दृष्टीने त्यातून मिळणारे धडे मांडणे.

विवेचनासाठी सार्वजनिकरीत्या उपलब्ध असलेल्या माहितीचा वर्णनात्मक पद्धतीने उपयोग केला आहे. आकडेमोडीची उदाहरणे केवळ प्रमाण लक्षात यावे म्हणून दिली आहेत.

३. दूरचित्रवाणी आणि आंतरजाल : मूलभूत भेद

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या केंद्राच्या मनोऱ्यावरून निघालेली लहर त्या परिसरातील दहा घरांनी झेलली काय आणि दहा लाख घरांनी झेलली काय, मनोऱ्यावरील भार एकच राहतो. सूर्यप्रकाशात आणखी एक मनुष्य उभा राहिला म्हणून सूर्याला अधिक जळावे लागत नाही, तसाच हा प्रकार आहे.

आंतरजालाची रचना याच्या नेमकी उलट आहे. ते मुळात दोन संगणकांमधील संवादासाठी घडविले गेले. येथे प्रत्येक प्रेक्षक स्वतंत्रपणे मागणी करतो आणि प्रत्येकाला चित्राची स्वतंत्र प्रत पाठवावी लागते. एकच प्रत अनेकांना वाटण्याची मल्टिकास्ट ही पद्धत अस्तित्वात आहे आणि काही कंपन्यांच्या बंदिस्त जाळ्यांत ती वापरलीही जाते. परंतु निरनिराळ्या कंपन्यांच्या मालकीच्या हजारो जाळ्यांनी बनलेल्या खुल्या आंतरजालावर ती रुजू शकली नाही. परिणामी प्रेक्षक दुप्पट झाले की भारही दुप्पट होतो. थेट प्रक्षेपणाच्या बहुतेक अडचणींचे मूळ या एका वस्तुस्थितीत आहे.

४. चित्राचा प्रवास : मैदानापासून मोबाईलपर्यंत

मैदानावरील कॅमेऱ्यांची चित्रे प्रथम ओबी व्हॅनमध्ये एकत्र येतात. तेथून निवडलेले चित्र उपग्रह अथवा प्रकाशतंतूद्वारे प्रक्षेपण केंद्रात जाते. तेथे समालोचन, धावफलक व जाहिराती जोडल्या जातात आणि त्यानंतर एन्कोडर या यंत्रणेद्वारे चित्राचे आकारमान घटविले जाते. दोन लगतच्या चौकटींत जे बदलले नाही ते पुन्हा पाठवायचे नाही, हे या संकोचनाचे मुख्य तत्त्व होय. यासाठी २००३ मध्ये प्रमाणित झालेले एच.२६४ हे मानक आजही मोठ्या प्रमाणावर वापरात आहे. २०१३ मधील एच.२६५ आणि २०१८ मधील एव्ही-१ ही त्याहून काटकसरी मानके होत, मात्र जुन्या व स्वस्त मोबाईलमध्ये त्यांची सोय असेलच असे नाही.

एकाच चित्राच्या अनेक आवृत्त्या सिद्ध केल्या जातात. उदाहरणार्थ सेकंदाला ०.३, १, २.५ व ५ मेगाबिट अशा चढत्या दर्जाच्या आवृत्त्या. यालाच दर्जाची शिडी म्हणता येईल. २०२३ च्या आयपीएलचे प्रक्षेपण मराठीसह बारा भाषांमध्ये उपलब्ध होते. ज्या भाषेचे धावफलक व चित्रलेखही वेगळे असतात, त्या भाषेसाठी संपूर्ण शिडी नव्याने उभारावी लागते. प्रत्येक भाषेसाठी चार पायऱ्या धरल्या तरी अठ्ठेचाळीस आवृत्त्या होतात आणि त्या सर्व चालू घटनेबरोबरच, क्षणाचाही खंड न पडता तयार व्हाव्या लागतात.

यानंतर प्रत्येक आवृत्तीचे काही सेकंदांचे छोटे तुकडे पाडले जातात. ॲपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस आणि २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरलेली डॅश या पद्धती याच तत्त्वावर चालतात. मोबाईलमधील प्लेअर एकेक तुकडा मागवितो, तो किती वेळात आला हे मोजतो आणि त्यानुसार पुढचा तुकडा शिडीच्या कोणत्या पायरीवरून घ्यायचा हे ठरवितो. चालत्या एसटी बसमध्ये सामना पाहताना चित्र मधूनच धूसर आणि मधूनच स्पष्ट होते, त्याचे कारण हेच. चित्र धूसर होणे हा येथे दोष नसून चित्र थांबू नये म्हणून केलेली तडजोड असते.

५. प्रमुख तांत्रिक आव्हाने

५.१ वहनक्षमतेचे आव्हान

५.३ कोटी प्रेक्षकांपैकी प्रत्येकास सरासरी १ मेगाबिट वेगाने चित्र पाठवायचे असे मानल्यास एकूण प्रवाह सेकंदाला ५३ टेराबिट होतो. १० गिगाबिट क्षमतेचा एक सर्व्हर या वेगाने जास्तीत जास्त दहा हजार प्रेक्षकांना पुरेल. म्हणजे केवळ चित्र वाटण्यासाठी पूर्ण क्षमतेने चालणारे ५,३०० सर्व्हर लागतील. ते सर्व एकाच इमारतीत ठेवले तर तेवढा प्रवाह त्या इमारतीबाहेर नेणारा मार्गच उपलब्ध होणार नाही.

यावरील उपाय म्हणजे आशय वितरण जाळे अर्थात सीडीएन. ठिकठिकाणच्या शहरांत व दूरसंचार कंपन्यांच्या केंद्रांत साठवण सर्व्हर ठेवले जातात. मूळ केंद्रातून तुकडा एकदा त्या सर्व्हरवर येतो आणि तेथून परिसरातील प्रेक्षकांना वाटला जातो. गावोगावी धान्य पाठविताना प्रत्येक शिधापत्रिकाधारकाला जिल्ह्याच्या गोदामावर न बोलावता गावातच स्वस्त धान्य दुकान उघडावे, तशी ही व्यवस्था आहे.

थेट प्रक्षेपणाला या व्यवस्थेत एक सोय आहे आणि एक अडचणही. सोय अशी की, सर्वांना एकाच क्षणी तोच तुकडा हवा असल्याने साठवण अत्यंत उपयोगी पडते. अडचण अशी की, तो तुकडा नुकताच जन्मलेला असतो. तो स्थानिक सर्व्हरवर पोहोचण्यापूर्वीच हजारो मोबाईल त्याची मागणी करतात. या सर्व मागण्या मूळ केंद्राकडे धाडल्या गेल्या तर ते केंद्र कोसळेल. म्हणून स्थानिक सर्व्हरने केवळ एकच मागणी पुढे पाठवावी, उर्वरित मागण्या क्षणभर थोपवून धराव्यात आणि तुकडा येताच सर्वांना तो वाटावा, अशी योजना करावी लागते. प्रत्येक प्रेक्षकाला त्याच्या आवडीनुसार वेगळी जाहिरात दाखवायची ठरविली की ही समाईकता तेवढ्यापुरती मोडते आणि भार पुन्हा वाढतो.

५.२ अकस्मात गर्दीचे आव्हान

एकूण प्रेक्षक किती, यापेक्षा ते किती वेगाने आले, हा प्रश्न अनेकदा अधिक बिकट असतो. चित्रपट लोक आपापल्या सवडीने पाहतात, सामना मात्र सर्वजण एकाच क्षणी पाहू लागतात. हॉटस्टारच्या अभियंत्यांनी २०१९ च्या अनुभवावर दिलेल्या जाहीर व्याख्यानांत, मोठ्या सामन्यात एका मिनिटात सुमारे दहा लाख प्रेक्षकांची भर पडते असे सांगितले आहे. भार वाढल्यावर नवे सर्व्हर आपोआप सुरू करण्याची सोय क्लाऊडमध्ये असते, परंतु नवा सर्व्हर कामास लागेपर्यंत जाणारा वेळ अशा प्रसंगी परवडत नाही. म्हणून अपेक्षित गर्दीचा अंदाज बांधून क्षमता आगाऊ उभी करणे आणि कृत्रिम गर्दी निर्माण करून तिची कसोटी घेणे, हाच मार्ग अवलंबिला जातो.

गर्दी ओसरणे हीदेखील तेवढीच कठीण परीक्षा असते, ही बाब सहसा लक्षात येत नाही. ९ व १० जुलै २०१९ रोजी चाललेल्या मँचेस्टरच्या उपांत्य सामन्यात मार्टिन गप्टिल यांच्या अचूक फेकीवर महेंद्रसिंह धोनी धावबाद झाले आणि भारताच्या आशा मावळल्या. त्यानंतर प्रेक्षकसंख्या काही मिनिटांतच कोसळली. वरवर पाहता भार कमी झाला. प्रत्यक्षात सामना बंद करणारा प्रेक्षक ॲपच्या मुखपृष्ठावर परततो. तेथे चित्रपटांची यादी, शिफारशी, अर्धवट पाहिलेल्या मालिका अशा अनेक गोष्टी त्याच्यासाठी स्वतंत्रपणे मागवाव्या लागतात. चित्र वाटणारी यंत्रणा रिकामी होते, पण मुखपृष्ठ तयार करणाऱ्या यंत्रणेवर एकाच वेळी लाखो लोकांचा लोंढा आदळतो.

अशा वेळी कमी महत्त्वाच्या सेवा तात्पुरत्या बंद ठेवून मुख्य सेवा वाचविणे हे धोरण असते. वैयक्तिक शिफारशींऐवजी सर्वांना एकच ठरावीक यादी दाखविली जाते. तसेच संपर्क तुटल्यावर सर्व मोबाईलनी एकाच क्षणी पुनःप्रयत्न केल्यास सावरू पाहणारा सर्व्हर पुन्हा बंद पडतो. म्हणून प्रत्येक मोबाईलने निरनिराळा काळ थांबून आणि दर खेपेस अधिक थांबून पुनःप्रयत्न करावा, अशी रचना ॲपमध्येच केलेली असते.

हे आव्हान केवळ नवख्यांना जड जाते असे नाही. २० नोव्हेंबर २०२२ रोजी फुटबॉल विश्वचषकाच्या प्रारंभी जिओसिनेमाच्या प्रेक्षकांना चित्र अडखळण्याचा त्रास झाला. त्याच सेवेने सहा महिन्यांनी ३.२ कोटी प्रेक्षक सांभाळले. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी माईक टायसन व जेक पॉल यांच्या मुष्टियुद्धाच्या वेळी नेटफ्लिक्सवर एका क्षणी ६.५ कोटी प्रवाह चालू होते आणि असंख्य प्रेक्षकांनी चित्र थांबत असल्याच्या तक्रारी केल्या. साठविलेले चित्रपट दाखविण्यात अग्रेसर असलेल्या कंपनीलाही थेट प्रक्षेपण हे वेगळे शास्त्र आहे, याचा प्रत्यय यातून आला.

५.३ विलंबाचे आव्हान

शेजारच्या घरात दूरचित्रवाणीवर षटकार पाहून जल्लोष व्हावा आणि मोबाईलवर गोलंदाज अद्याप धाव घेत असावा, हा अनुभव सार्वत्रिक आहे. त्यामागे साधा हिशेब आहे. तुकडा सहा सेकंदांचा असेल आणि प्लेअर सुरक्षिततेसाठी तीन तुकडे हाताशी ठेवत असेल तर अठरा सेकंद तेथेच जातात. त्यात संकोचन व वहन यांचा वेळ मिळविल्यास विलंब सहज अर्ध्या मिनिटाच्या घरात जातो. तुकडे लहान केल्यास विलंब घटतो, पण मागण्यांची संख्या वाढते. हाताशी ठेवलेला साठा कमी केल्यास जोडणीतील किंचित अडथळ्यानेही चित्र थांबते. थोडक्यात, तत्परता आणि स्थैर्य यांपैकी एकाची किंमत दुसऱ्याने मोजावी लागते. २०१९ नंतर पुढे आलेल्या अल्पविलंब पद्धतींनी हे अंतर काही सेकंदांवर आणले असले तरी कोट्यवधी प्रेक्षकांसाठी स्थैर्यालाच प्राधान्य दिले जाते.

प्रत्येक प्रसंगाची गरज सारखी नसते. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाद्वारे थेट प्रक्षेपणाचे तत्त्व मान्य केले आणि २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांच्या सुनावण्या आंतरजालावर दिसू लागल्या. त्या पहिल्याच दिवशी शिवसेनेतील वादाची, म्हणजे महाराष्ट्राच्या राजकारणाशी थेट निगडित सुनावणी होती. न्यायालयीन युक्तिवाद अर्धा मिनिट उशिरा ऐकू आल्याने काही बिघडत नाही. मधले एखादे वाक्य गळाले तर मात्र अर्थाचा अनर्थ होऊ शकतो. तेथे विलंबापेक्षा अखंडता आणि चित्रापेक्षा ध्वनी महत्त्वाचा ठरतो.

५.४ अंतिम टप्प्याचे आव्हान

मुंबईतील सर्व्हर कितीही समर्थ असले तरी शेवटचे काही किलोमीटर गावाजवळच्या मोबाईल मनोऱ्यावर अवलंबून असतात. मनोऱ्याची क्षमता त्याच्या कक्षेतील सर्वांमध्ये विभागली जाते. गावातील दोनशे तरुण एकच सामना पाहत असतील तर हवेतून तेच चित्र दोनशे वेळा पाठविले जाते. कन्नड, सोयगाव यांसारख्या तालुक्यांतील डोंगराळ भाग, भारनियमन आणि विद्यार्थ्यांच्या हातातील कमी क्षमतेचे मोबाईल यांचा विचार केल्याशिवाय हे आव्हान समजणार नाही.

डेटाचा खर्चही याच टप्प्यावर जाणवतो. १ मेगाबिट वेगाने तासाला सुमारे ४५० मेगाबाईट, तर २.५ मेगाबिट वेगाने सुमारे १,१२५ मेगाबाईट डेटा लागतो. दिवसाला दीड गिगाबाईट मिळणाऱ्या विद्यार्थ्याने उच्च दर्जाचे चित्र निवडल्यास दीड तासाच्या आत त्याचा दिवसाचा साठा संपतो. ०.३ मेगाबिटची खालची पायरी उपलब्ध असेल तर तोच तास १३५ मेगाबाईटमध्ये भागतो. म्हणून शिडीची सर्वांत खालची पायरी हीच सामाजिकदृष्ट्या सर्वांत महत्त्वाची पायरी होय.

ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेणारा भारतनेट प्रकल्प आणि मोबाईलवर दूरचित्रवाणीप्रमाणे एकाच लहरीने चित्र पोहोचविणाऱ्या डी-टू-एम तंत्राच्या देशात झालेल्या चाचण्या या दिशेने उल्लेखनीय आहेत. दुसऱ्या मार्गात तर जुन्या मनोऱ्याचेच तत्त्व नव्या रूपात परतताना दिसते.

६. चांद्रयान-३ आणि महाविद्यालयाचे सभागृह

दिनांक २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम अवतरक चंद्राच्या दक्षिण ध्रुवानजीक उतरला. इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर त्या वेळी एकाच क्षणी ८० लाखांहून अधिक जोडण्या चालू होत्या. योगायोगाने २३ ऑगस्ट हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा १९५८ मधील स्थापनेचा दिवस होय. हे अवतरण विद्यार्थ्यांना एकत्रितपणे दाखवावे, असे आवाहन विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षणसंस्थांना केले होते.

या आवाहनात एक तांत्रिक शहाणपण दडलेले आहे. महाविद्यालयाची जोडणी १०० मेगाबिटची आहे असे धरू. तीनशे विद्यार्थ्यांनी आपापल्या मोबाईलवर १ मेगाबिटने तेच चित्र पाहू म्हटल्यास ३०० मेगाबिट लागतील आणि कोणालाच धड दिसणार नाही. तेच चित्र सभागृहातील प्रक्षेपकावर दाखविल्यास उत्तम दर्जासाठीही ५ मेगाबिट पुरतात आणि उरलेल्या ९५ मेगाबिटवर कार्यालय, ग्रंथालय व प्रयोगशाळा सुरळीत चालतात. सीडीएन जे काम शहराच्या पातळीवर करते, तेच काम येथे सभागृहाचा पडदा करतो. प्रत वाटण्याचे ठिकाण प्रेक्षकांच्या जितके जवळ, तितका जाळ्यावरील भार कमी, हा त्यातील नियम होय. शिवाय जोडणी दर्शविणारी ८० लाखांची संख्या आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्या माणसांची संख्या एक नव्हती, हेही यातून ध्यानात येते. एका जोडणीसमोर कोठे एक विद्यार्थी होता, तर कोठे अख्खे महाविद्यालय.

७. महाविद्यालयांसाठी शिफारशी

चर्चासत्रे, पदवीप्रदान समारंभ व व्याख्यानमाला यांचे थेट प्रक्षेपण आता अनेक महाविद्यालये करतात. उपरोक्त विवेचनावरून पुढील शिफारशी करता येतात.

१) प्रक्षेपणासाठी जोडणीचा अपलोड वेग तपासावा. जाहिरातीत दिला जाणारा वेग बहुधा डाऊनलोडचा असतो. पाठवावयाच्या प्रवाहाच्या किमान दुप्पट अपलोड वेग हाताशी असावा.
२) वाय-फायऐवजी केबलची जोडणी वापरावी आणि दुसऱ्या कंपनीची पर्यायी जोडणी सज्ज ठेवावी.
३) ध्वनीला चित्रापेक्षा अधिक महत्त्व द्यावे. धूसर चित्रात व्याख्यान समजते, तुटक ध्वनीत समजत नाही.
४) कॅमेरा, संगणक व राउटर या तिन्हींना यूपीएसचा आधार असावा. केवळ संगणक चालू राहून राउटर बंद पडल्यास प्रक्षेपण थांबतेच.
५) यूट्यूबवर प्रथमच थेट प्रक्षेपण करताना परवानगी मिळण्यास २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. त्यामुळे वाहिनीची सिद्धता व रंगीत तालीम आधीच करावी.
६) सभागृहातील श्रोत्यांनी प्रक्षेपणाच्या काळात संस्थेच्या जोडणीवर तेच प्रक्षेपण उघडू नये, अशी सूचना द्यावी.
७) ध्वनिचित्रमुद्रण स्थानिक संगणकावरही करावे आणि ज्यांना थेट पाहता आले नाही त्यांच्यासाठी कमी आकारमानाची प्रत व केवळ ध्वनीची प्रत उपलब्ध करून द्यावी.
८) दूरच्या गावांतील विद्यार्थ्यांसाठी संलग्न महाविद्यालय, ग्रामपंचायत अथवा वाचनालय येथे सामूहिक दर्शनाची सोय करावी.

८. निष्कर्ष

१) आंतरजालावर प्रत्येक प्रेक्षकाला स्वतंत्र प्रत द्यावी लागते. थेट प्रक्षेपणातील बहुसंख्य अडचणी या एका वैशिष्ट्यातून उद्भवतात आणि बहुसंख्य उपाय ही प्रत प्रेक्षकाच्या शक्य तितक्या जवळ तयार करण्याचे असतात.
२) एकूण गर्दीपेक्षा गर्दीच्या चढउताराचा वेग अधिक घातक ठरतो. आगाऊ सिद्धता आणि दुय्यम सेवांचा तात्पुरता त्याग हे त्यावरील परिणामकारक उपाय आहेत.
३) विलंब, स्थैर्य व दर्जा या तिन्ही गोष्टी एकाच वेळी पूर्णत्वाने साधत नाहीत. प्रसंगानुसार अग्रक्रम ठरवावा लागतो.
४) समकालिक प्रेक्षकांचा विक्रम ही सर्व्हरची कसोटी आहे, समाजाची नव्हे. मनोऱ्यापासून दूर असलेल्या, साध्या मोबाईलवर व मर्यादित डेटावर विसंबून असलेल्या विद्यार्थ्याला चंद्रावरील अवतरण किंवा न्यायालयातील युक्तिवाद अखंड पाहता येतो काय, यावर या तंत्राचे खरे यश ठरेल. त्या विद्यार्थ्यासाठी महाविद्यालयाचे सभागृह, एक प्रक्षेपक आणि एक भरवशाची जोडणी एवढी सामग्रीही आज पुष्कळ उपयोगी पडू शकते, आणि तिची व्यवस्था करणे हे शिक्षणसंस्थांच्या आवाक्यातील काम आहे.